सही करण्यापूर्वीचा विचार

(वर्षावासातील युवक मार्गदर्शन सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय लहान वाटेल, पण आपल्या वस्तीतील अनेक घरांना तो भिडलेला आहे. पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुलांची संख्या दरवर्षी वाढते आहे. कोणी भूदलाचा अर्ज भरतो, कोणी नौदलाचा, कोणी हवाई दलाचा, तर पुष्कळजण तिन्ही ठिकाणी भरतात. यात गैर काहीच नाही. प्रश्न पुढे उभा राहतो. एका दलात नाव लागते आणि प्रशिक्षण सुरू होण्याच्या सुमारास दुसऱ्या दलाचे बोलावणे येते. मग काय करायचे? पहिले सोडता येते काय? सोडले तर गुन्हा होतो काय? आणि सोडणे शोभते काय? या तीन प्रश्नांविषयी आम्ही आज बोलणार आहोत.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. या विषयावर आम्ही स्वतः एका मुलाला चुकीचा सल्ला दिला होता. हे भाषण त्या चुकीतून निघालेले आहे.

मुलगा आपल्याच अभ्यासिकेत बसणारा. बारावीला विज्ञान शाखा, गणित चांगले. त्याला विमानांच्या तांत्रिक कामाची मोठी आवड. त्याने हवाई दलाची परीक्षा दिली होती आणि निवडीच्या प्राथमिक यादीत त्याचे नावही होते. अंतिम यादी यायची होती. दरम्यान भूदलाच्या यादीत त्याचे नाव लागले. वस्तीत पेढे वाटले गेले. तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "काका, हवाई दलाची यादी येईपर्यंत थांबलो तर चालेल का?" आम्ही त्याला म्हणालो, "अरे, नाव लागले म्हणजे तू आता बांधला गेलास. मागे फिरलास तर गुन्हा होईल." आम्ही हे खात्रीने सांगितले आणि ते चूक होते. कायदा आम्ही वाचलेला नव्हता. कोणाकडून तरी ऐकलेले पुढे सांगितले. मुलगा गेला. त्याने सही केली. वय अठराच्या आत असल्यामुळे त्याच्या आईनेही कागदावर सही केली. तो सेंटरला दाखल झाल्यानंतर तीन आठवड्यांनी हवाई दलाच्या अंतिम यादीत त्याचे नाव आले.

त्याचे पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी कायदा काय म्हणतो ते पाहू.

भूदलासाठी १९५० चा आर्मी ॲक्ट आहे. त्यात सैन्यात दाखल होण्याची रीत सांगितली आहे. भरती होणाऱ्या माणसाला सेवेच्या अटी वाचून व समजावून सांगायच्या, ठरलेले प्रश्न विचारायचे, खोटे उत्तर दिल्यास शिक्षा होते याची आधी जाणीव द्यायची, त्याला सर्व समजले आहे व त्याची संमती आहे याची खात्री करायची, आणि मग अधिकाऱ्याने सही करून त्याचीही सही घ्यायची. ही सही झाली की तो माणूस सैन्यात दाखल झाला असे कायदा मानतो. यादीत नाव लागणे, मेडिकलमध्ये पास होणे, पेढे वाटणे यांपैकी कशानेही तो दाखल होत नाही. तो दाखल होतो सहीने.

म्हणजे सहीपूर्वी मुलगा मोकळा असतो. बोलावलेल्या दिवशी तो हजर झाला नाही तर त्याची ती निवड रद्द होईल, हे नुकसान त्याने सोसावयाचे आहे. पण तो पळून गेलेला सैनिक ठरत नाही.

आता दुसरा गैरसमज पाहा. तो पहिल्याच्या अगदी उलट आहे आणि अधिक घातक आहे. मुले एकमेकांना सांगतात, "कसम परेड होईपर्यंत आपण मोकळे. तोवर केव्हाही घरी येता येते." हे साफ खोटे आहे. कसम परेड प्रशिक्षणाच्या शेवटी होते, परंतु सही केलेला रिक्रूट पहिल्या दिवसापासून आर्मी ॲक्टखाली येतो. शपथ झालेली नसली तरी रजेशिवाय गैरहजर राहणे हा गुन्हा आहे आणि पळून जाणे हा त्याहून मोठा गुन्हा आहे.

याच कायद्याचे ४३ वे कलम तर थेट आपल्या विषयावरच आहे. एका ठिकाणी दाखल असताना, तेथून रीतसर मुक्तता न घेता, दुसऱ्या पलटणीत किंवा नौदलात वा हवाई दलात दाखल होणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दाखल होताना जाणूनबुजून खोटे उत्तर देण्याविषयीचे ४४ वे कलम वेगळे आहे, त्यातही पाच वर्षांपर्यंतची शिक्षा सांगितली आहे. हवाई दलाच्या १९५० च्या कायद्यातही अशीच तरतूद आहे. दल बदलण्यास बंदी नाही, हे लक्षात घ्या. बंदी आहे ती लपवून बदलण्यास.

मग सहीनंतर रस्ता पूर्ण बंद होतो काय? अगदीच नाही. शपथ न झालेल्या रिक्रूटला आपल्या विनंतीवरून मुक्तता मागता येते. परंतु ती मागणी आहे, हक्क नव्हे. मंजुरी वरिष्ठांच्या हाती असते. शिवाय २०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची मुदत संपण्यापूर्वी स्वतःच्या इच्छेने बाहेर पडण्यास सर्वसाधारणपणे परवानगी नाही. केवळ अपवादात्मक परिस्थितीत सक्षम अधिकारी तशी परवानगी देऊ शकतात. दुसऱ्या दलाचे बोलावणे आले, एवढ्यावरून कोणी आपल्याला अपवाद मानील असे धरून चालू नका.

काही विद्यार्थी म्हणतात, "आम्ही तर वेगळेच ऐकले आहे. सही केल्यावरही प्रशिक्षणाला निघेपर्यंत दल बदलता येते." हे ऐकलेले खोटे नाही, पण ते अमेरिकेचे आहे. तेथे डिलेड एंट्री प्रोग्राम नावाची पद्धत आहे. तरुण आधी करारावर सही करतो, पहिली शपथ घेतो आणि घरी परत येतो. प्रशिक्षणाला जाण्यापूर्वीचा हा काळ कायद्याने ३६५ दिवसांपर्यंत असू शकतो. प्रशिक्षणाला निघण्याच्या दिवशी तो दुसरी शपथ घेतो आणि तेव्हा त्याची खरी सेवा सुरू होते. मधल्या काळात मन बदलले तर लेखी पत्र देऊन मुक्तता मागता येते आणि ती सहसा मिळते. दुसऱ्या दलात जायचे असल्यास मात्र पहिल्या दलाने आधी मोकळे करावे लागते. तेथेही जाणकार मुलांना बजावतात की भरती करणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, करारात जे लिहिले आहे तेवढेच आपले. आपल्यापैकी ज्यांची मुले तेथे स्थायिक आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे. मात्र आपल्याकडे सही आणि प्रशिक्षण यांच्यात असा वर्षभराचा अवकाश नाही. सही झाली की मूल सेंटरच्या वाटेला लागते. म्हणून आपल्या मुलांचा विचार करण्याचा काळ सहीच्या आधीचाच आहे, आणि तो काळ आम्ही त्या मुलाकडून हिरावून घेतला.

आता त्या मुलाकडे परत येऊ. रविवारी त्याने सेंटरवरून घरी फोन केला. बरोबरच्या एका मुलाने त्याला सांगितले होते की कसम झालेली नाही, निघून जा, हवाई दलाच्या फॉर्मवर 'यापूर्वी कोठे दाखल होतो काय' या प्रश्नापुढे 'नाही' लिही, कोण पाहतो? त्याने हे आईला सांगितले. त्याची आई धुणीभांडी करते, पण दर रविवारी विहारात वंदनेला येते. ती म्हणाली, "सही केलीस न्हवं? त्यावर माझीबी सही हाय. रोज पंचशील म्हणायचं आन् कागदावर खोटं लिहायचं, असं कसं चालंल? जायचं आसंल तर सायबाला सांगून जा. सांगता येत नसंल तर ऱ्हा."

कायदा न वाचता ती माऊली कायद्याचे सार बोलून गेली. मुलगा दुसऱ्या दिवशी उस्तादांमार्फत कंपनी कमांडरपुढे उभा राहिला आणि खरे ते सांगितले. साहेब रागावले नाहीत. मुक्ततेसाठी अर्ज करता येईल, तो वर जाईल, मंजूर होईलच असे नाही आणि निर्णय लागेपर्यंत प्रशिक्षण सोडता येणार नाही, एवढे त्यांनी समजावून सांगितले. हवाई दलाची तारीख त्याच्या आधी निघून जाणार हे उघड होते. मुलाने रात्रभर विचार केला आणि तो राहिला. आज तो आपल्या पलटणीत आहे. रजेवर आला की विहारात येतो. आम्हांला त्याने कधी बोल लावला नाही. पण आकाशातून विमान गेले की तो अजून मान वर करून पाहतो, आणि आमची मान खाली जाते.

बंधू-भगिनींनो, हा केवळ कायद्याचा विषय नाही, धम्माचाही आहे. विनयपिटकात एक प्रसंग येतो. मगधाच्या सीमेवर गडबड झाली, बिंबिसार राजाने सैन्य पाठविण्याचे ठरविले, तेव्हा काही योद्ध्यांनी जाऊन प्रव्रज्या घेतली. राजाने तथागतांकडे तक्रार केली. तेव्हा नियम झाला की राजाच्या सेवेत असलेल्याला प्रव्रज्या देऊ नये. आजही उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला विचारतात की तू ऋणातून मोकळा आहेस ना, राजसेवेत नाहीस ना, आईवडिलांची अनुज्ञा आहे ना? भरतीच्या फॉर्मवरील प्रश्न आणि हे प्रश्न किती जवळचे आहेत पाहा! भिक्षुसंघासारख्या श्रेष्ठ ठिकाणी जायचे असले तरी आधीचे बंधन लपवून जाता येत नाही, मग दुसऱ्या दलाची गोष्ट कशाला?

दुसरा प्रसंग सिंह सेनापतीचा. हा वैशालीचा लिच्छवी सेनापती आणि निगंठ नातपुत्ताचा अनुयायी. तथागतांचे विचार ऐकून त्याने उपासक होण्याची इच्छा प्रकट केली. एवढा मोठा माणूस आपल्याकडे येतो म्हणून दुसऱ्या कोणी वैशालीभर पताका मिरविली असती. तथागतांनी मात्र त्याला नीट विचार करण्यास सांगितले. तुझ्यासारख्या प्रसिद्ध माणसाने पूर्ण पारख करूनच पाऊल टाकावे, असे बजावले. इतकेच नव्हे, तर तुझ्या घरी इतकी वर्षे निगंठांना भिक्षा मिळत आली आहे, ती पुढेही देत राहा, असेही सांगितले. या एका प्रसंगात पक्ष बदलण्याची सगळी नीती आली आहे. बदल करण्यास हरकत नाही, परंतु आधी पारख करावी, बदल उघडपणे करावा आणि जे सोडले त्याचा अनादर करू नये.

परमपूज्य बाबासाहेबांनी हेच करून दाखविले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षांचा अभ्यास होता. आणि सहीचे म्हणाल, तर १९१३ साली परदेशी जाताना त्यांनी बडोदा संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार लिहून दिला होता. परत आल्यावर त्या करारानुसार ते १९१७ साली बडोद्याला गेले. तेथे अस्पृश्य म्हणून राहायला जागासुद्धा मिळू दिली नाही, म्हणून त्यांना परतावे लागले. करार मोडला तो त्या समाजव्यवस्थेने. बाबासाहेब शब्दाला जागले होते.

आता पालकांसाठी दोन शब्द. आपल्यातील काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "आपल्या पोराने महार रेजिमेंट सोडून दुसरीकडे का जावे?" या भावनेमागे इतिहास आहे. सुभेदार रामजी सकपाळांच्या पिढीनंतर, १८९२ च्या सुमारास, आपल्या लोकांची सैन्यभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली विनंती केली. पहिल्या महायुद्धाच्या गरजेपोटी १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ साली मोडली गेली. १९४१ च्या जुलैमध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. याच रेजिमेंटच्या मेजर रामास्वामी परमेश्वरन यांना १९८७ च्या श्रीलंकेतील कामगिरीबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. तिच्यात आज नाना समाजांचे जवान खांद्याला खांदा लावून उभे आहेत. तिचा अभिमान आम्हांलाही आहे.

पण आपल्या पूर्वजांची लढाई एक दार उघडे व्हावे म्हणून होती, बाकीची दारे आपणच लावून घ्यावीत म्हणून नव्हती. आपला मुलगा नौदलाच्या जहाजावर गेला किंवा मुलगी हवाई दलात गेली, तर ती त्याच लढ्याची पुढची पायरी होय. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ साली मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये ती उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. निवड करता येणे हाच खरा हक्क आहे. तेव्हा निवड बदलणाऱ्या मुलाला भित्रा किंवा चंचल म्हणू नका. त्याची कारणे ऐकून घ्या.

आता विद्यार्थ्यांनो, कामाच्या गोष्टी वहीत टिपून घ्या.

पहिली गोष्ट, तिन्ही दलांचे अर्ज, परीक्षा आणि याद्या स्वतंत्र असतात. प्रत्येकाच्या तारखा एकाच कागदावर मांडा. कोणती यादी केव्हा येणार हे ठाऊक असेल तर सहीच्या दिवशी गोंधळ होत नाही.

दुसरी गोष्ट, पगारासाठी दल बदलू नका. अग्निवीरांचे मासिक पॅकेज तिन्ही दलांत सारखेच ठेवलेले आहे. योजना जाहीर झाली तेव्हा ते पहिल्या वर्षी ३०,००० रुपये आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये असे होते व त्यातील ३० टक्के रक्कम सेवा निधीत जमा होत होती. चार वर्षांनंतर कायम होणारे जास्तीत जास्त २५ टक्के, हेही त्या वेळी तिन्ही दलांना सारखेच लागू केले होते. फरक आहे तो कामात. जमिनीवर, समुद्रावर की विमानतळावर, हत्यार घेऊन की यंत्र घेऊन, याचा विचार करा. चार वर्षांनी बाहेर पडावे लागले तर हातात कोणते कौशल्य असेल, हाही विचार करा.

तिसरी गोष्ट, अधिकारी होऊ इच्छिणाऱ्यांनी एन.डी.ए.च्या अर्जातील पसंतीक्रम घाईने भरू नये. भूदल, नौदल, हवाई दल यांपैकी कोणते मिळणार हे गुणवत्ता, पसंती आणि वैद्यकीय पात्रता यांवर ठरते. वैमानिकांसाठीची अभियोग्यता चाचणी तर आयुष्यात एकदाच देता येते. पुढे प्रशिक्षण मध्येच स्वेच्छेने सोडल्यास त्याचा खर्च भरून देण्याचे बंधपत्र पालकांकडून घेतलेले असते, हे पालकांनी सही करताना वाचावे.

चौथी गोष्ट, सहीपूर्वी थांबावेसे वाटले तर दोन्ही बाजू तोलून पाहा. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे सोपे, निभावणे कठीण. दुसऱ्या दलाची अंतिम यादी लागलेली आहे की नुसती आशा आहे? वय किती उरले आहे? घरची परिस्थिती काय? उत्तर तुमचे तुम्हीच द्यावयाचे आहे. न जाण्याचे ठरले तर भरती कार्यालयाला साध्या कागदावर तसे कळवा. तोंड लपवून बसू नका. ज्यांनी आपल्याला निवडले त्यांचा एवढा मान राखलाच पाहिजे.

पाचवी आणि शेवटची गोष्ट, सही झाली की ती आपली. त्यानंतर मन बदलले तर वरिष्ठांपुढे उभे राहून बोला, रीतसर अर्ज करा आणि उत्तर येईपर्यंत कर्तव्य करा. भिंतीवरून उडी मारू नका, फॉर्मवर खोटे लिहू नका आणि 'करून देतो' म्हणणाऱ्या दलालाच्या हाती एक पैसाही देऊ नका.

तथागतांनी ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नका असे सांगितले. आम्ही स्वतःला त्यांचे अनुयायी म्हणवीत होतो आणि एका मुलाचे आयुष्य ऐकीव गोष्टीवर वळवून बसलो. म्हणून आता आम्ही ठरविले आहे की अभ्यासिकेतून भरतीला जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला सहीच्या आधी एक संध्याकाळ आई-वडिलांसह बसवायचे, सेवेच्या अटींचा कागद मराठीत समजावून द्यायचा, आणि मग निर्णय त्याच्यावर सोडायचा. सल्ला देण्याआधी तो कागद आम्हीही वाचू. आपल्यापैकी जे माजी सैनिक आहेत, ज्यांना कायदा कळतो, त्यांनी या कामासाठी महिन्यातील एक संध्याकाळ द्यावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम! जय भारत!